आधी साबण, मग चिंच: पितळेचे देव उजळण्याची रीत

गणपतीच्या आधीच्या रविवारी पुण्यात घरोघरी देव घासायला निघतात आणि बहुतेक ठिकाणी हातात पहिली येते ती चिंच, नाहीतर अर्धे लिंबू आणि त्यावर चिमूटभर मीठ. काम बिघडते ते इथेच. तुपाने आणि कुंकवाने माखलेल्या मूर्तीला आंबट लावले की उघड्या भागाचे पितळ खाल्ले जाते. खरी घाण असते मूर्तीच्या घड्यांत, म्हणजे खाचाखोबणींत, आणि तिथे तुपाच्या थरामुळे आंबट पोचतच नाही. मग जोर लावला जातो, रांगोळी घेतली जाते. नाकडोळे पुसट झालेले जुने बाळकृष्ण पाहा. राख, रांगोळी आणि विटेच्या भुकटीने त्यांची ती दशा केलेली असते.

सुरुवातीला मूर्ती उलटी करून नीट बघा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. नाकावर किंवा गुडघ्यावर पांढरट धातू उघडा पडला असेल तर वर नुसता मुलामा आहे. अशा मूर्तीला कोमट पाणी आणि साबण एवढेच, पुढचे काहीही करू नका. बैठक लाखेने भरलेली असेल तर गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही वर्ज्य, कारण लाख मऊ होऊन सुटते. तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून नव्या आणलेल्या मूर्तीवर बरेचदा पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप, असते. ते शाबूत असेतो फक्त ओल्या फडक्याने पुसा. ते ठिकठिकाणी उडून काळे ठिपके पडू लागले की थिनरने सगळेच काढा. हे काम खिडकी उघडून आणि समई-निरांजनापासून लांब करा.

धुणे सोपे आहे: एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, वीस मिनिटे भिजवणे, मऊ टूथब्रश.

आता घड्यांतले हिरवे. बहुतेक जण इथे अडतात, कारण सगळ्या हिरव्याला एकच औषध लावतात. हिरवे दोन प्रकारचे असते. एक चिकट, मेणासारखे, नखाने खरवडले की गोळा होणारे. तूप-तेलातली आम्ले तांब्याशी मिळून ते तयार होते. मुरलीच्या खाली, मुकुटाच्या कडेला, अन्नपूर्णेच्या पळीच्या खोबणीत ते साठते आणि कुंकू त्यात रुतून बसते. चिंचेने ते हलत नाही. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पाच मिनिटे तिथे दाबून ठेवा, मग खराट्याच्या हिराचे टोक चेचून ब्रशासारखे करा आणि त्याने काढा. बांबूची काडीही चालते. सुई, सेफ्टी पिन, तारेची घासणी अजिबात नको. पितळ मऊ असते, त्यावर उठलेला ओरखडा कायमचा. थर निघाला की पुन्हा साबणाने धुवा.

दुसरे हिरवे फिके, कोरडे आणि भुकटीसारखे असते. झटकले की पडते आणि थोड्या दिवसांत त्याच जागी परत येते. हे खारे हिरवे, मिठाचे काम. लिंबावर मीठ घालून घासायचा सल्ला मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. मिठाने लखलखाट लवकर येतो हे खरे, पण त्यातला क्लोराइड बारीक छिद्रांत शिरून बसतो आणि पावसाळ्यातली दमट हवा लागली की आतून पितळ खात राहतो. भुकटी काडीने काढा (धूळ नाकात जाऊ देऊ नका, ती विषारी असते), मग मूर्ती बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा. पाणी रोज बदला. चार-पाच दिवस तरी लागतात. घाई करून वर पॉलिश चढवले तर ते हिरवे खालून वर येणारच.

घड्यांतल्या तपकिरी-काळ्या रंगाला मात्र हात लावू नका. तो धातूवर घट्ट बसलेला निरुपद्रवी थर आहे. त्याच्यामुळेच भुवया, दागिने आणि वस्त्राच्या चुण्या उठून दिसतात. सगळी मूर्ती एकसारखी पिवळीधमक केली की चेहरा सपाट होतो.

इथवर आल्यावर चिंच. लिंबाएवढी चिंच अर्धा कप कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून कोळ काढा आणि गाळून घ्या, कारण चोथा घड्यांत अडकतो. चिंच नसेल तर एक लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक अॅसिड. बोटाने किंवा मऊ फडक्याने लावा आणि दोन मिनिटांच्या आत धुवा. रात्रभर भिजवून ठेवू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबटात जस्त आधी विरघळते, तांबे मागे राहते आणि मूर्तीवर गुलाबी-लालसर डाग उमटतात. गेलेले जस्त घरच्या घरी परत आणता येत नाही, तेवढा थर घासून काढणे एवढाच उपाय उरतो. काळेपणा एका खेपेत गेला नाही तर पुन्हा दोन मिनिटे लावा, वेळ वाढवू नका.

धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून मूर्ती त्यात बुडवून काढा. राहिलेले आंबट त्याने मरते. ही पायरी टाळली की दुसऱ्याच दिवशी मूर्ती मळकट दिसते आणि दोष चिंचेवर जातो. शेवटचे पाणी बोअरवेलचे किंवा टँकरचे नको, त्याचे पांढरे ठिपके राहतात.

लगेच सुती फडक्याने टिपा. पोकळ मूर्ती उलटी करून तासभर पंख्याखाली ठेवा. हलवून कान लावा, आत पाणी डुचमळत असेल तर अजून वेळ द्या.

रोजच्या पूजेत साधे पाणी पुरते. पंचामृत सणावारी घाला, पण अभिषेक आटोपताच कोमट पाण्याने धुवून पुसा. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपण त्याला कल्हई लावतो, देवाला कल्हई नसते. त्याच कारणाने मूर्तीवर बराच वेळ राहिलेले पंचामृत तीर्थ म्हणून घेऊ नये. निर्माल्य संध्याकाळीच काढा, ओल्या तुळशीखाली आणि झेंडूखाली डाग पडतात. अन्नपूर्णेखालचे तांदूळ पावसाळ्यात दर आठवड्याला बदला. चमक टिकावी म्हणून तेलाचा हात देऊ नका, तेल चिकटून चिकट हिरव्याची पुन्हा सुरुवात होते. शोकेसमधल्या मूर्तीला मेणाचा पातळ हात चालतो.

गौरींचे पितळी मुखवटे या सगळ्यातून वगळा. त्यांचे डोळे, ओठ आणि कुंकू रंगवलेले असतात. चिंच, सोडा, स्पिरिट, काहीही लावले तरी रंग जातो. किंचित ओलसर फडके, मग कोरडे, बस्स. उग्र अमोनियाच्या वासाचे पॉलिश तर मुखवट्यांच्या जवळपासही नको. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पत्र्यात ताण असतो आणि अमोनियाने त्याला तडे जातात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेने तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत, कारण घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटे.

गुलाबी डाग खोल गेले असतील, बैठक हलत असेल किंवा हात सुटला असेल तर घरी फेव्हिक्विक लावू नका. कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा जुन्या भांड्यांच्या बाजारात चौकशी करून जाणत्या कारागिराला दाखवा. देताना स्पष्ट सांगा की चेहऱ्याला बफिंगचे (यंत्रावर फिरणारे, घासून चकाकी आणणारे) चाक लावायचे नाही, तेवढा भाग हातानेच करायचा.