स्टेपर मोटर थरथरते, पण फिरत नाही

जागच्या जागी थरथरणाऱ्या स्टेपर मोटरसाठी (म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, स्टेपनी फिरणाऱ्या मोटरसाठी) प्रोग्राम चाळत बसण्याआधी वायरी तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

चार वायरींच्या मोटरमध्ये दोन वेगळ्या कॉइल असतात. पॉवर बंद करून मोटर ड्रायव्हरपासून (तिला करंट पुरवणाऱ्या छोट्या बोर्डपासून) सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ज्या दोन वायरींमध्ये थोडेच ओहम दिसतात, ती एका कॉइलची जोडी. दोन्ही जोड्यांचं रीडिंग जवळपास सारखं हवं आणि एका जोडीचा दुसरीशी संबंध नको. मीटर नसेल तर दोन वायरींची टोकं जुळवून शाफ्ट बोटांनी फिरवा. जड लागला तर त्या एकाच कॉइलच्या. रंगांवर विसंबू नका, ते बनावटीनुसार बदलतात. ए४९८८ ड्रायव्हरवर एक जोडी १ए-१बी आणि दुसरी २ए-२बी ला जोडा. एका जोडीची टोकं उलटी लागली तर फक्त दिशा बदलते. मात्र पॉवर चालू असताना मोटरची वायर काढलीत, तर ड्रायव्हर जळू शकतो.

मोटर अजिबात हलत नसेल तर पॉवर देऊन शाफ्ट हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर करंटच पोचत नाही: ड्रायव्हरची एनेबल पिन हाय आहे का (हाय असेल तर ड्रायव्हर बंद राहतो), रीसेट आणि स्लीप या पिना एकमेकांना जोडल्या आहेत का, ते बघा. शाफ्ट घट्ट धरलेला असेल तर कंट्रोलरकडून स्टेपचे पल्स (एकेक पाऊल फिरण्याचे इशारे) येत नाहीत. कंट्रोलर आणि ड्रायव्हरचा ग्राउंड एकच आहे ना, हे आधी तपासा.

मोटर स्टेप चुकवते? मग करंट मोजा. ड्रायव्हरवरच्या व्हीरेफ या व्होल्टेजने करंटची मर्यादा ठरते. ए४९८८ साठी व्हीरेफ = ८ × करंट × सेन्स रेझिस्टर (बोर्डवरचा करंट मोजणारा रेझिस्टर). १ अँपिअरला ०.१ ओहमच्या बोर्डवर ०.८ व्होल्ट, तर ०.०५ ओहमच्या बोर्डवर ०.४ व्होल्ट. रेझिस्टरवरचा आर१०० (०.१ ओहम) किंवा आर०५० (०.०५ ओहम) हा छाप न वाचता आकडा लावला, की करंट दुप्पट किंवा निम्मा होतो. जास्त झाला तर ड्रायव्हर तापून बंद पडतो आणि थंड झाला की पुन्हा चालू होतो, म्हणून मोटर थांबत-थांबत चालते.

फक्त जास्त वेगात अडकत असेल तर वेग हळूहळू वाढवा. २०० स्टेपच्या मोटरला १/१६ मायक्रोस्टेपिंगवर (एका स्टेपचे १६ भाग) एका फेरीला ३,२०० पल्स लागतात. ३०० आरपीएम (मिनिटाला ३०० फेऱ्या) म्हणजे सेकंदाला १६,०००. इतके पल्स पहिल्याच क्षणी दिले तर रोटर मागेच राहतो.

आणि मोटर नीट फिरतेय, पण बेल्ट सरकत नाही, तर पुलीचा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला घट्ट धरणारा छोटा स्क्रू) आवळा.