सहकारी बँकेत एफडी आहे? मग पाच लाखांचा हिशोब आजच मांडा

माझ्या आत्याचे रिटायरमेंटचे पैसे एका छोट्या सहकारी बँकेत होते, अर्धा टक्का व्याज जास्त आणि मॅनेजर ओळखीचा म्हणून. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा घातली, त्या दिवशी ती सकाळपासून बंद शटरसमोर उभी होती, हातात रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा. म्हणून सांगते, बँक चालू आहे तोवरच हे करून टाका.

घरातल्या सगळ्या पावत्या आणि पासबुकं काढून जमिनीवर पसरा आणि बँकेप्रमाणे ढीग करा. बँक बुडाली किंवा अडकली तर ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंतच देतं, आणि त्यात सगळ्या ब्रँच आल्या, सेव्हिंग, करंट, एफडी, आरडी सगळं एकत्र. दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर दुकानाचं खातंपण त्याच 5 लाखांत मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नॉमिनी टाकल्याने विमा वाढत नाही. जॉइंट खातं मात्र वेगळं धरतात, आणि नवरा-बायको व बायको-नवरा असा नावांचा क्रम बदलला तरी दोन्हींना वेगवेगळे 5 लाख.

आता व्याज. 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. साडेसात टक्क्यांनी 4 लाखांची तीन वर्षांची एफडी केली आणि व्याज तिथेच साठू दिलं तर शेवटी जवळपास 5 लाख होतात, म्हणजे अशा एफडीत मुद्दल 4 लाखच बरं. आत्याने बरोबर पाच लाख ठेवले होते, त्यामुळे वरचं सगळं व्याज अडकलं.

पतसंस्था किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीत पैसे असतील तर हा विमा नाहीच, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. बँकेचं नाव डीआयसीजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः शोधा. आणि कर्ज घेताना जे शेअर्स घ्यायला लावतात त्यांनाही विमा नाही, बँक बुडाली तर भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवतंय ना? सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते, तेव्हा विमापण 1 लाखाचाच होता, तो 5 लाख झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. शेवटी जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण 5 लाखांच्या वरचे पैसे टप्प्याटप्प्याने 10 वर्षांपर्यंत मिळणार असं ठरलं. सत्तरी गाठलेल्या माणसाने 10 वर्षं कशी काढायची? बँक अडकली बिल्डरच्या बुडीत कर्जामुळे आणि वाट बघायची ठेवीदाराने, याचा मला आजही राग येतो.

म्हणून पगार, पेन्शन आणि ईएमआय ज्या खात्यातून जातात ते खातं दुसऱ्या मोठ्या बँकेत ठेवाच, कारण निर्बंध आले की पहिल्यांदा हप्ते बाउन्स होतात, आणि किमान तीन-चार महिन्यांचा घरखर्च तिकडे असू द्या.

आणि निर्बंध आलेच तर घाबरून घरी बसू नका. 2021 च्या दुरुस्तीनंतर विम्याचे पैसे 90 दिवसांत मिळायला हवेत, विलीनीकरण चाललं असेल तर मुदत वाढू शकते. पण ते आपोआप येत नाहीत, ब्रँचमध्ये संमतीचा फॉर्म भरून केवायसी आणि दुसऱ्या बँकेच्या खात्याचा नंबर द्यावा लागतो, त्याची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. त्याच बँकेचं कर्ज तुमच्यावर असेल तर ते आधी वळतं करतात, त्यामुळे ठेव आणि कर्ज एकाच ठिकाणी असेल तर उरलेल्या आकड्यावरच घरचं गणित मांडा. आत्याने फॉर्म पहिल्याच आठवड्यात दिला, पोचेची झेरॉक्स माझ्याकडेही ठेवली, आणि विम्याचे पैसे तिच्या दुसऱ्या खात्यात आले.