सायटोकाइनची कुपी उघडण्याआधी

सायटोकाइन म्हणजे पेशींमध्ये संदेश पोचवणारी प्रथिने, इंटरल्यूकिन त्यातलीच. रीकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशीत जनुक घालून बनवलेल्या) इंटरल्यूकिनच्या कुपीत समजा १० मायक्रोग्रॅम पावडर आहे, डोळ्यांना जवळपास न दिसणारी. नागपूरच्या मे महिन्यात कुरियरने आलेली कुपी गरम लागली तरी लगेच घाबरू नका. कोरडे प्रथिन सहसा थोडे दिवस तग धरते, द्रवरूपातले मात्र नाही. फ्रीझरमधून काढलेली कुपी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरते. मग अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून पावडर तळाशी आणा), कारण पावडर बहुधा झाकणाला चिकटलेली असते.

१०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी कडेने सोडा, झाले ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. द्रावक मात्र माहितीपत्रकातलाच घ्या. इंटरल्यूकिन-२ साठी काही कंपन्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल सांगतात. व्होर्टेक्स (जोरात हलवणारे यंत्र) नको, फेस आला की प्रथिन बिघडते. हलकेच फिरवून १५ मिनिटे ठेवा.

पुढचे डायल्यूशन (पातळ करणे) ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या बफरमध्येच, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातच करा. नुसत्या बफरमध्ये प्रथिन प्लास्टिकला चिकटते आणि मात्रा कागदावरच राहते. पेशी वाढवण्याच्या १० मिलिलिटर माध्यमात १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे तर मूळ द्रावणाचा १ मायक्रोलिटर लागतो. तो अचूक उचलणे कठीण, म्हणून आधी शंभरपट पातळ करून १०० मायक्रोलिटर घाला.

मूळ द्रावण १० मायक्रोलिटरच्या भागांत उणे ८० अंशांना ठेवा. वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर यासाठी बाद.

मोनोसाइटवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर) काम असेल तर ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या प्रथिनाची एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातले विष) पातळी आधी बघा. पेशी एंडोटॉक्सिननेच चेततात आणि श्रेय सायटोकाइनला जाते.