बागेत लोरा सेन्सर लावताय? एडीआरच्या या चुका टाळा

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत लोराचे (कमी बॅटरीत लांबवर मेसेज पाठवणाऱ्या रेडिओचे) ओलीचे सेन्सर लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची, मे महिन्यात लावलं तेव्हा झकास चालत होतं अन् जुलैत डेटा यायचा बंद झाला. बहुतेक वेळा सेन्सर चांगलाच राहते. बदलतो तो सिग्नलचा मधला रस्ता, अन् एडीआर, म्हणजे ॲडॅप्टिव्ह डेटा रेट, सिग्नल पाहून पाठवायचा वेग ठरवणारी सोय, त्याच्याशी जुळवून घेते खरं पण आपल्याला वाटते तेवढ्या लवकर नाही.

थोडक्यात सांगतो. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा जितका मोठा तितकं पाठवणं सावकाश पण कमजोर सिग्नलवरही चालणारं. सिग्नल चांगला असला तर सेन्सर एसएफ ७ वर पटकन पाठवून झोपते, खराब असला तर एसएफ १२ वर सावकाश पाठवते. एसएफ ७ ला एसएनआर (गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती वर आहे ते) साधारण -७.५ डीबी तरी लागते, एसएफ १२ ला -२० पर्यंत चालून जाते. म्हणून नुसता आरएसएसआय (सिग्नलचा नुसता जोर) पाहून लिंक चांगली का वाईट ते ठरवू नका, एसएनआर पाहा, अन् तो कोणत्या एसएफवरचा आहे तेही पाहा.

आता मोठी चूक. मृग बहारासाठी बाग ताणावर असते, पानं सुकलेली, थोडी गळलेली, तेव्हा फिटिंग होते अन् सर्व्हर (सेन्सरचे मेसेज घेऊन त्याला एसएफ सांगणारं सॉफ्टवेअर) म्हणते सिग्नल मस्त आहे, चला एसएफ ७. सर्व्हर शेवटच्या २० पॅकेटमधला (पॅकेट म्हणजे एकेक मेसेज) सगळ्यात चांगला एसएनआर धरते, सरासरी नाही, त्यातून मार्जिन, म्हणजे पुढं सिग्नल पडला तर राखून ठेवलेली जागा, वजा करते, चर्पस्टॅक या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात १० डीबी राहते. मग पाऊस पडला, नवती फुटली, पानं ओली झाली, बाजूच्या वावरातली तूर माणसाच्या डोक्याइतकी वाढली, की ते १० डीबी कुठं गेले पत्ता लागत नाही. ताणाच्या दिवसात फिटिंग करत असाल तर मार्जिन १५ ठेवा, आणि आधीच ठेवा, कारण नेहमीच्या अल्गोरिदममध्ये नंतर मार्जिन वाढवलं तर सर्व्हर फार तर पॉवर वाढवते, एसएफ परत वर नेत नाही.

मग सेन्सर स्वतः काहून सुधारत नाही? सुधारते, पण ते वेळ मोजत नाही, पॅकेट मोजते. सर्व्हरकडून काहीच आलं नाही अशी ६४ पॅकेट गेली की ते उत्तर मागते, अजून ३२ पॅकेट वाट पाहते, मग आधी पॉवर वाढवते आणि त्यापुढं दर ३२ पॅकेटला एक पायरी सावकाश होते. तासाला एक रीडिंग असेल तर ९६ पॅकेट म्हणजे पूर्ण ४ दिवस, अन् तेव्हा कुठं पॉवर वाढली! ताण तोडून पाणी द्यायच्या दिवसात ४ दिवस आंधळं बसणं परवडत नाही. तेवढ्या दिवसांपुरतं रीडिंग १५ मिनिटांवर आणा, तेच काम २४ तासांत होते, बॅटरी थोडी जास्त खाईल, खाऊ द्या.

याहून वाईट प्रकार म्हणजे पॅकेटांपैकी निम्मीच पोहोचणं. एखादं पोहोचलं, सर्व्हरनं उत्तर दिलं, की सेन्सरची मोजणी शून्य, त्याला वाटते सगळं ठीक. ग्राफवर रेघ दिसते म्हणून आपणही निवांत. फ्रेम काउंटर (मेसेजचे अनुक्रमांक) उघडून पाहा, आकडे मधेमधे गाळलेले दिसले तर सेन्सर रीसेट करून सर्व्हरशी परत जॉईन करा (नव्यानं जोडा), बहुतेक सेन्सर तिथून सावकाश रेटवर सुरू होतात.

या सगळ्याला कंटाळून काही जण सगळे सेन्सर एसएफ १२ वर लॉक करून टाकतात. नका करू. १० बाईटचा मेसेज एसएफ ७ वर साधारण ६२ मिलिसेकंदात जाते, एसएफ १२ वर जवळपास दीड सेकंद हवा अडवते, बॅटरी त्या मानानं लवकर संपते आणि शेजाऱ्याचे मेसेज आपल्या मेसेजवर आदळतात. आदळून गेलेलं पॅकेट अन् कमजोर सिग्नलमुळं गेलेलं पॅकेट सेन्सरला सारखंच वाटते, एडीआरवरचा सेन्सर मग अजून सावकाश होते, म्हणजे अजून जास्त आदळते.

हेच पंपाच्या कंट्रोलरचं. थ्री फेजची लाईन आली की गावातले सगळे कंट्रोलर एकाच क्षणी चालू होऊन जॉईन मागतात, सगळे एकमेकांत अडकतात. फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्राममध्ये) चालू झाल्यावर काही मिनिटांची रँडम वाट घाला, एवढ्यानं बराच फरक पडते.

गुरांच्या गळ्यातल्या ट्रॅकरवर एडीआर बंदच ठेवा. गाय टाकीवरच्या गेटवेजवळ (मेसेज पकडून सर्व्हरला देणाऱ्या डब्याजवळ) असताना ठरलेला एसएफ ती नाल्यापलीकडे गेल्यावर काही कामाचा नाही.

अन् पावसाला दोष देऊ नका. आपल्याकडे लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालते, तिथं पावसाच्या थेंबांनी सिग्नल जवळपास घटतच नाही. ओली पानं अन् अँटेनाच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, हे दोन पाहा. कनेक्टर रबर टेपनं बंद करा आणि अँटेना पिकाच्या वर, धुऱ्यावरच्या खांबाला बांधा, पीक लहान असतानाच.