फुटबॉलमध्ये डिफेंडर म्हणून परदेशात खेळायला जायचंय? मग आधी हे वाच

ओळखीतली तीन-चार पोरं "दादा, बाहेर खेळायला जायचंय, काय करू" असं विचारत आली, सगळी स्टॉपर (मधला डिफेंडर) नाहीतर साईडबॅक (कडेचा डिफेंडर), म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतो. फॉरवर्डचं सोपं असतं, गोल मोजता येतात. डिफेंडरचं चांगलं काम बऱ्याचदा दिसतच नाही, बॉल समोरच्या स्ट्रायकरपर्यंत गेलाच नाही कारण हा दोन पावलं आधीच तिथं येऊन उभा राहिला होता, आणि हे परक्या देशातल्या कोचला दाखवायचं कसं, सगळी मेहनत तिथंच आहे.

सगळ्यात आधी शिडी ठरव. कोरियाचा स्टॉपर किम मिन-जे बघ. २०१६ मध्ये तो तिकडच्या एका वीज कंपनीच्या टीमकडून खेळत होता, मग तिथलाच जिओनबुक क्लब, २०१९ ला चीनमध्ये बीजिंग ग्वोआन, २०२१ ला तुर्कीत फेनरबाचे, २०२२ ला नापोली, आणि पहिल्याच सीझनला नापोलीला ३३ वर्षांनी इटलीची लीग मिळाली, हा त्या लीगचा बेस्ट डिफेंडर ठरला, २०२३ ला जर्मनीचा बायर्न म्युनिक. लोकांना फक्त बायर्न दिसतं. मला त्यातलं चीन आणि तुर्की जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येक ठिकाणी तो रेग्युलर खेळला. स्टॉपर उशिरा पिकतो, त्याला मॅचेस लागतात, मोठ्या क्लबच्या बेंचवर बसून तो घडत नाही. त्यामुळे क्लब निवडताना नाव बघू नको, तुझ्या जागेवर आधीच किती जण आहेत, त्यांची वयं काय, काँट्रॅक्ट कधी संपतंय ते बघ. डावखुरा स्टॉपर असशील तर तुला मागणी जास्त, कारण तसे कमी मिळतात.

आता आपला भारताचा स्टॉपर संदेश झिंगन. ऑगस्ट २०२१ मध्ये तो क्रोएशियातल्या शिबेनिकला गेला, तिकडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, वय २८, त्याच वर्षीचा एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) बेस्ट प्लेयर. गेल्यागेल्या दुखापत झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये एकही मॅच न खेळता तो मोहन बागानला परत आला. त्यानं जायची हिंमत केली याचं मला आजही मनापासून कौतुक आहे. पण शिकायचं ते शिकून घ्यावं, तिकडची लीग सुरू होऊन महिना झाला होता तेव्हा तो पोचला. युरोपात प्री-सीझन, म्हणजे लीगच्या आधीची तयारी, जून-जुलैमध्ये असतो, तेव्हाच तिथं असायला पाहिजे, शरीराला सवय होते आणि शेजारी खेळणाऱ्या स्टॉपरशी जुळतं. आणि जमलं तर बावीस-तेविसाव्या वर्षी जा, एखादा सीझन दुखापतीत गेला तरी पुढं वेळ उरतो.

देश निवडताना नियम बघावेच लागतात, इथं स्वप्नं मोडतात. २००९ मध्ये सुनील छेत्रीचं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलं होतं, पण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून वर्क परमिटच मिळालं नाही. आजही इंग्लंडमध्ये गुणांची पद्धत आहे, देशाची रँकिंग, तू खेळतोस त्या लीगचा दर्जा, किती मिनिटं खेळलास, सगळं मोजतात, त्यामुळे तिथून सुरुवात करायचा नाद सोड. हॉलंडमध्ये युरोपियन युनियनच्या बाहेरच्या, २० किंवा त्यापुढच्या वयाच्या प्लेयरला तिथल्या पहिल्या डिव्हिजनच्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावा लागतो, नवख्या पोरावर कोण एवढा खर्च करेल? स्पेनमध्ये बाहेरच्यांसाठी जागाच मोजक्या. जर्मनीत २००६ पासून तशी मर्यादा नाही. आणि वय १८ पूर्ण नसेल तर फिफाच्या नियमानं काही अपवाद सोडले तर दुसऱ्या देशात ट्रान्सफर होतच नाही, तेव्हा सोळा वर्षांच्या पोराला "क्लबमध्ये साईन करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

व्हिडिओबद्दल. टॅकल आणि हेडरच्या तीन मिनिटांच्या क्लिपला वर गाणं लावून पाठवू नको. स्काउटला (क्लबसाठी प्लेयर शोधणाऱ्याला) पूर्ण ९० मिनिटांच्या दोन-तीन मॅचेस लागतात, त्यातली एक हरलेली असू दे. बॉल दुसऱ्या टोकाला असताना तू कुठं उभा आहेस, डिफेंडरांची लाईन वर कधी घेतोस, चूक झाल्यावर मागं कसा धावतोस, प्रेसमध्ये, म्हणजे समोरचे अंगावर धावून आले की, बॉल पुढं पास करतोस का नुसता बाहेर मारतोस, ते हेच बघतात. म्हणून कॅमेरा उंचावर लाव आणि जमेल तेवढी पूर्ण बॅकलाईन फ्रेममध्ये ठेव. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच वरच्या पायऱ्यांवरनं मोबाईलवर काढली तरी खालून काढलेल्या क्लिपपेक्षा त्यात जास्त दिसतं.

भाषा. विंगरचं (कडेनं खेळणाऱ्या फॉरवर्डचं) मुक्यानं भागेल, स्टॉपरचं नाही, त्याला पूर्ण मॅचभर बोलावं लागतं. जायच्या आधी तिथले मैदानावरचे तीस-चाळीस शब्द पाठ कर. आपल्या प्लेयरच्या मागून समोरचा आला की आपण "मागं आला" ओरडतो, जर्मन लोक "हिंटरमान" म्हणतात, ब्राझीलमध्ये तर "लाद्रांव" म्हणजे चक्क चोर! लाईन वर घ्या, आत ये, सोड, माझा बॉल, एवढं पहिल्या ट्रेनिंगला मोठ्यानं ओरडता आलं तरी कोच तुझ्याकडं बघतो.

एजंट. आमच्या ओळखीतल्या एका घरानं ट्रायलच्या नावाखाली सोनं मोडून पैसे दिले, पोरगा तिकडं पोचल्यावर कळलं की क्लबला त्याचं नावही माहीत नव्हतं. अजून आठवलं की पोटात कालवतं. २०२३ पासून एजंटला फिफाचं लायसन्स लागतं, परीक्षा देऊन मिळतं, नाव फिफाच्या साईटवर तपासता येतं. प्लेयरबरोबरचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त नसतो. ट्रायलचं पत्र आलं की क्लबच्या साईटवरचा नंबर शोधून स्वतः फोन कर, पत्रावरच्या नंबरला नको. आणि आधी पैसे मागितले की तिथंच विषय संपव.

काँट्रॅक्ट तुला समजणाऱ्या भाषेत मागून घे. दुखापत झाली तर ऑपरेशन आणि रिहॅबचा खर्च कोणाचा, घर कोणाचं, परतीचं तिकीट कोणाचं, हे लिहून घे. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट बघायची, तरी नाही दिले तर काँट्रॅक्ट मोडायचा हक्क फिफाच्या नियमात आहे, म्हणून पगाराच्या बँकेच्या नोंदी जपून ठेव.

जायच्या आधी अजून एक काम, वयाच्या बाराव्या वर्षापासून कुठल्या क्लबकडून रजिस्टर होतास त्याचे कागद गोळा कर. पुढं एका देशातल्या क्लबनं दुसऱ्या देशातल्या क्लबला ट्रान्सफर फी देऊन तुला घेतलं तर त्या फीमधले पाच टक्के १२ ते २३ वयात तुला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. रजिस्ट्रेशनची नोंदच नसेल तर तुझ्या पेठेतल्या क्लबला त्यातलं काहीच मिळणार नाही, तेव्हा बॅग भरायच्या आधी एकदा सेक्रेटरी काकांकडं जाऊन ती जुनी वही उघडायला लाव.