गोल्फच्या आयर्नसाठी स्टील शाफ्ट निवडताना: आधी वजन, मग फ्लेक्स

आयर्न क्लबच्या शाफ्टवरच्या (दांडीवरच्या) पट्टीवर आर (रेग्युलर), एस (स्टिफ) किंवा एक्स (एक्स्ट्रा स्टिफ) असं फ्लेक्सचं, म्हणजे दांडी किती कडक त्याचं, एक अक्षर छापलेलं असतं आणि बरीचशी खरेदी त्या अक्षरावरच उरकते. पण या अक्षरांचं सर्व कंपन्यांना लागू असं एक माप नाही. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आरपेक्षा जेमतेम कडक निघू शकतो. ग्रॅम मात्र सगळीकडे ग्रॅमच असतात. म्हणून निवड वजनापासून सुरू करावी.

हलक्या गटात साधारण ८५ ते १०० ग्रॅमचे शाफ्ट येतात. निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५०जीएच हा या गटातला सर्वांत ओळखीचा. आरमध्ये तो सुमारे ९५ ग्रॅम भरतो, एसमध्ये ९८. मधल्या गटात १०० ते ११५ ग्रॅम: मोडस ३ टूर १०५, डायनॅमिक गोल्ड १०५, केबीएस टूरचा आर (११०), प्रोजेक्ट एक्स ५.५ (११५). त्यावर जड गट: केबीएस टूर एस (१२०), प्रोजेक्ट एक्स ६.० (१२०) आणि ट्रू टेम्परचा जुनाजाणता डायनॅमिक गोल्ड एस३००, सुमारे १३० ग्रॅम. हे आकडे न कापलेल्या शाफ्टचे आहेत. लांबीला कापल्यावर त्यातले काही ग्रॅम जातात, त्यामुळे कापलेल्या शाफ्टचं वजन कॅटलॉगशी ताडून पाहू नका.

एक गैरसमज इथेच निस्तरलेला बरा. डायनॅमिक गोल्डमध्ये एस२००, एस३००, एस४०० असे आकडे दिसतात. ते कडकपणाचे नसून वजनाच्या वर्गवारीचे आहेत. तिन्ही एसच, फरक दोन-तीन ग्रॅमचा. ‘एस४०० जास्त कडक’ म्हणून तो घेणं किंवा टाळणं, दोन्ही निरर्थक.

वजन कसं ठरवायचं? सात नंबरच्या आयर्नचा क्लबहेडचा वेग लाँच मॉनिटरवर (फटक्याचा वेग आणि उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. तुलनेसाठी, ट्रॅकमन या लाँच मॉनिटर कंपनीच्या बहुचर्चित जुन्या सरासरीत पीजीए टूरच्या पुरुष खेळाडूंचा सात नंबरचा वेग ताशी ९० मैल आणि कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) १७२ यार्ड होती. एलपीजीएच्या महिला खेळाडूंचा वेग ७६ मैल, कॅरी १४१ यार्ड. म्हणजे ७५ मैलांत लाजण्यासारखं काही नाही. तेवढ्या वेगाला १३० ग्रॅमचा शाफ्ट घेणं हा मात्र हट्ट आहे. ढोबळ सुरुवात अशी करता येईल: ७० मैलांच्या आत ८५ ते ९५ ग्रॅम, आर किंवा त्याहून मऊ, ७० ते ८० मैलांना ९५ ते ११० ग्रॅम, आर, ८० ते ९० ला १०५ ते १२० ग्रॅम, एस, त्यापुढे १२० च्या वर, एस किंवा एक्स. ही सीमारेषा नव्हे, कुठून चाचणी सुरू करायची तेवढंच यातून कळतं.

यार्डांवरून वेगाचा अंदाज बांधू नका. आजच्या अंतर वाढवणाऱ्या आयर्नमध्ये सात नंबरचा लॉफ्ट (फेस मागे किती झुकलेला तो कोन; कमी असेल तर बॉल लांब जातो) २८ ते ३० अंश असतो, जुन्या ब्लेडचा (पातळ हेडच्या आयर्नचा) ३४-३५. ‘माझा सात नंबर दीडशे जातो’ या वाक्यातून शाफ्टबद्दल काहीच कळत नाही.

वेग सारखा असलेल्या दोघांना एकच शाफ्ट मानवेल असंही नाही. बॅकस्विंग संपून डाउनस्विंग सुरू होतो त्या वळणावर जो झटका देतो, त्याला थोडा जड आणि कडक शाफ्ट आवर घालतो. लयीत, सावकाश वळणाऱ्याला त्याच वेगाला एक पायरी मऊ शाफ्ट चालतो. शाफ्ट फार हलका असेल तर हातांची घाई होते, क्लब बाहेरून आत येतो, बॉल डावीकडे ओढला जातो (डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात) आणि कधी जमीन, कधी बॉलचा माथा लागतो. फार जड असेल तर पहिले वीस फटके छान जातात, पंधराव्या होलनंतर क्लबहेड मागे राहतं आणि बॉल उजवीकडे, कमी अंतर जातो. फार कडक शाफ्टवर बॉल खाली राहतो, उजवीकडे झुकतो, हाताला लाकडी लागतो. फार मऊ असेल तर उंच आणि डावीकडे.

मग वाकण्याची ठेवण. डायनॅमिक गोल्डचं क्लबहेडकडचं टोक कडक असतं, त्यामुळे बॉल तुलनेने खाली आणि कमी स्पिनने निघतो. ९५०जीएच आणि केबीएस टूर थोडं उंच उडवतात. पण शाफ्ट बदलून उंचीत साधारण अंशा-दीड अंशाचाच फरक पडतो. लॉफ्ट आणि बॉल फेसवर कुठे लागतो याचा परिणाम त्याहून मोठा असतो. बॉल उडतच नाही म्हणून शाफ्ट बदलणाऱ्याने आधी लॉफ्ट तपासावा.

चाचणी अशी घ्या

हेड एकच असावं, लांबी आणि ग्रिप सारखी, बॉल शक्यतो तुम्ही खेळता तेच. रेंजवरचे झिजलेले बॉल अंतर आणि स्पिन दोन्ही बिघडवतात. आधी पंधरा-वीस फटक्यांनी अंग मोकळं करा. तीन शाफ्ट निवडा: अंदाजातला एक, त्याहून १० ते १५ ग्रॅम हलका एक आणि तेवढाच जड एक. प्रत्येक शाफ्टने आठ फटके मारा, मग क्रम उलटा करून पुन्हा आठ. नाहीतर शेवटच्या शाफ्टच्या वाट्याला दमलेले हात येतात. सर्वांत लांब गेलेला फटका सोडून द्या, बहुतेकांची फसगत त्यावरच होते. कॅरीतला फरक किती, डावी-उजवी पसरण किती आणि बॉल किती अंशांत उतरतो, हे पाहा. सात नंबरला उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास हवा. त्याहून बराच कमी असेल तर बॉल ग्रीनवर थांबत नाही. १२ यार्डांत आठ बॉल टाकणारा शाफ्ट हा ५ यार्ड लांब नेणाऱ्यापेक्षा चांगला. बरोबरी झालीच तर हलका घ्या.

बसवण्याआधी मोजायच्या गोष्टी

शाफ्ट आवडला तरी तो तुमच्या होझलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट जातो तिच्यात) बसला पाहिजे. आयर्नच्या शाफ्टचं टोक दोन मापांत येतं: निमुळतं ०.३५५ इंच आणि सरळ ०.३७० इंच. व्हर्नियर कॅलिपरने जुन्या शाफ्टचं टोक मोजा. ०.३५५ चा शाफ्ट ०.३७० च्या होझलमध्ये पितळी शिम (फट भरणारी पातळ नळी) घालून बसवता येतो. उलट करायचं तर होझल रीमरने मोठं करावं लागतं. ते घरी करू नये.

निमुळता शाफ्ट प्रत्येक क्लबसाठी वेगळ्या लांबीचा बनवलेला असतो. तो फक्त ग्रिपच्या बाजूने कापायचा. टोकाकडून कापला तर जाड भाग पुढे येतो आणि होझलमध्ये पूर्ण जात नाही. सरळ टोकाचा शाफ्ट मात्र कंपनीच्या तक्त्याप्रमाणे आधी टोकाकडून कापतात, क्लबागणिक अर्धा इंच जास्त, आणि शेवटी ग्रिपकडून लांबी जुळवतात. कापण्याआधी प्रत्येक शाफ्टवर टेप लावून क्लबचा नंबर लिहा. सहा नंबरचा शाफ्ट आठ नंबरच्या मापाने कापला की तो सहाच्या कामाचा राहत नाही.

लांबी सोल (हेडचा तळ) जमिनीवर ठेवून ग्रिपच्या माथ्यापर्यंत मोजतात. ग्रिपचं बूड सुमारे एक अष्टमांश इंच भर घालतं, ते आधीच वजा करा. पुरुषांच्या स्टीलच्या सात नंबरची प्रचलित लांबी ३७ इंचांच्या आसपास असते.

हलक्या शाफ्टकडे जाणारे स्विंगवेट (क्लब हेडकडे किती जड लागतो त्याचं माप; सी९ नंतर डी० येतं) विसरतात. शाफ्टमध्ये सुमारे ९ ग्रॅम कमी झाले की स्विंगवेट एका अंकाने उतरतं. म्हणजे १३० वरून ९५ वर आल्यावर डी२ चा क्लब सी८ च्या आसपास येतो आणि हेड जागेवर आहे की नाही तेच हाताला कळत नाही. हेडवर दर २ ग्रॅमला एक अंक परत मिळतो, त्यामुळे ८ ग्रॅमपर्यंत भर लागते. थोडी शाफ्टच्या टोकात, थोडी शिशाच्या टेपने द्या. सगळी होझलमध्ये कोंबली तर वजन टाचेकडे (हेडच्या होझलकडच्या बाजूला) सरकतं. अर्धा इंच कापल्यानेही जवळपास तीन अंक जातात. शिवाय काही हलक्या शाफ्टचं ग्रिपकडचं टोक ०.६०० ऐवजी ०.५८० इंच असतं. त्यावर नेहमीची ग्रिप बारीक पडते. खालून टेपचा एखाद-दुसरा वेढा जास्त घ्या.

बसवताना टोकावरचं क्रोम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने होझलच्या खोलीइतकं पूर्ण काढा, होझल आतून घासून अ‍ॅसिटोनने पुसा, दोन भागांचं इपॉक्सी नीट घोळून लावा आणि २४ तास क्लबला हात लावू नका. क्रोम राहिलं की हेड निसटतं. फेरूल (होझलच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं कडं) वर सरकलं तर होझलमध्ये हवा कोंडली होती.

वेजकडे (जवळच्या फटक्यांच्या जास्त लॉफ्टच्या क्लबकडे) फार कमी लोक पाहतात. टायटलिस्टच्या व्होकी वेज दुकानात बहुधा डायनॅमिक गोल्ड एस२०० वर येतात. बॅगेत ९५०जीएचची आयर्न आणि हातात ही वेज, म्हणजे पिचिंग वेजपासून पुढच्या क्लबला तीसेक ग्रॅमची उडी. आयर्नपेक्षा ५ ते १५ ग्रॅम जड वेज पुरते.

वापरलेला सेट घेताना सगळे क्लब सोल एका रेषेत ठेवून उभे करा. पायऱ्यांचे (टप्प्याटप्प्याने जाडी बदलणारे) शाफ्ट असतील तर होझलपासून पहिली पायरी क्लबागणिक सारख्याच फरकाने सरकताना दिसली पाहिजे. मध्येच एखादी उडी दिसली तर तो शाफ्ट बदललेला आहे, पट्टी काहीही सांगो. शाफ्ट टेबलाच्या कडेवर फिरवून बाक पाहा. फेरूलच्या खालची कड आणि ग्रिपचं तोंड गंजासाठी तपासा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळाभर ओल्या बॅगेत राहिलेल्या सेटला गंज आधी तिथे धरतो. वरवरचा डाग बारीक स्टील वूलने निघतो. नखाला खड्डा लागला तर त्या शाफ्टचे पैसे वजा करूनच भाव करा.