अमेरिका शिकायची तर कापसापासून सुरुवात करा

घरी तेलुगू, शाळा मराठी आणि एमएचे पेपर इंग्रजीत. सोलापूरच्या पूर्व भागात असं असतंच. त्यात मी अमेरिकन साहित्य घेतलं आणि पहिल्या चाचणीत वीसपैकी पाच पडले. गाइडमधला सारांश जसाच्या तसा उतरवला होता, दुसरं काय होणार!

आता पोरं विचारायला येतात, त्यांना मी आधी कापूस सांगते. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध चाललं. उत्तरेकडच्या राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडे मुंबईत भाव कडाडले. युद्ध संपलं तसे कोसळले. तिकडचा तो कापूस गुलाम वेचत होते. गिरणीगावच्या पोराला हे एकदा सांगितलं की पुरतं.

मग फुल्यांची 'गुलामगिरी' उघडा. १८७३ चं पुस्तक, आणि अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना! त्याला लागूनच गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन घ्या. पातळ आहे. गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकतो, ते पान दोनदा वाचा.

कादंबरीशेजारी नकाशा हवाच. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मध्ये हक हा गोरा पोरगा आणि पळालेला गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीने खाली जातात. जिमला गुलामीतून सुटायचंय, मग दक्षिणेकडे कशाला? मला हे दुसऱ्या वाचनात कळलं. केरो गावापाशी ओहायो नदी येऊन मिळते (स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच). तिथून ओहायोने वर गेलं की गुलामगिरी नसलेली राज्यं. धुक्यात केरो मागे पडतं आणि तराफा आणखी खोल गुलामीच्या मुलखात शिरतो. नकाशात तेवढ्या जागेला पेन्सिलीने गोल करा.

हॉलिवूडचे सिनेमे बघा, पण त्याला अभ्यास म्हणू नका.

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर माजी गुलामांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखती फुकट आहेत, बहुतेक १९३६ ते १९३८ मधल्या. विचारणारे बरेचसे गोरे, तेव्हा ती म्हातारी माणसं काय गिळून बोलली असतील, तेही ताडा. शब्द बोलीत लिहिलेत, नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत; मोठ्याने वाचा. मी वाचायची तेव्हा समोर आई विड्या वळत असायची. इंग्रजी तिला येत नाही, पण मी अडखळले की सुपावरून मान वर करायची.